ट्रेलरच्या छतावरचं पाणी: पन्हळ, स्पाउट आणि काळे ओघळ

अमेरिका-कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) बाळगणाऱ्या वाचकांचे पावसाविषयीचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. हिशेबासाठी ट्रेलर २५ फूट लांब आणि ८ फूट रुंद धरला आहे.

प्रश्न: पांढऱ्या ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांखाली काळे ओघळ येतात. धुतले तरी महिन्याभरात पुन्हा हजर. साबण बदलून पाहिला, उपयोग नाही.

साबणाचा काही दोष नाही. धूळ, परागकण, काजळी आणि छत रबराचं (ईपीडीएम) असेल तर त्यावरून सुटणारी पांढरी भुकटी, हे सगळं पन्हळीत जमतं आणि पावसाबरोबर कोपऱ्यातून बाहेर येतं. मुसळधार पावसात धार जोरात असते, त्यामुळे ती भिंतीपासून लांब पडते. घोळ होतो तो रिमझिमीत आणि सर ओसरल्यावर. धार बारीक झाली की पाणी स्पाउटच्या (पन्हळीच्या टोकाला असलेल्या तोटीच्या) खालच्या कडेला चिकटून मागे वळतं आणि भिंतीवरून उतरतं. मूळचा स्पाउट आखूड असेल तर हे हमखास होतं.

३ ते ४ इंच पुढे येणारे, टोकाला खाली वळलेला ओठ असलेले स्पाउट आणा. डावा आणि उजवा वेगळा असतो, जोडी बघून घ्या. जुना काढल्यावर उरलेलं सीलंट (फटी बुजवणारा लगदा) प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, धातूचं पातं रंगावर चरे पाडतं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या, स्पाउटच्या मागे ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा आणि स्टेनलेसचे स्क्रू बेताने आवळा. फार आवळले की प्लॅस्टिक स्क्रूपाशी तडकतं. सिलिकॉन मात्र लावू नका: त्यावर पुढे दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही. शेवटी पन्हळीत तांब्याभर पाणी अगदी सावकाश ओता. बारीक धारसुद्धा भिंतीला न शिवता पडली तर काम झालं.

तोवर स्पाउटच्या ओठाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. कॅम्पग्राउंडवर हा जुगाड सर्रास दिसतो आणि चालतोही, कारण पाणी चिमट्याच्या टोकापर्यंत जाऊन गळतं. निघण्याआधी तेवढा काढून ठेवा. आणि धुताना आधी छत, मग भिंती. छताचा मळ खाली उतरत असताना भिंत ओली ठेवली तर तो चिकटत नाही. ईपीडीएमवर पेट्रोलियमयुक्त क्लीनर नको, रबर फुगतं.

प्रश्न: पन्हळ साफ आहे, स्पाउटही नवे आहेत. तरी पलंगाच्या डोक्याशी भिंत आतून ओलसर लागते. पाणी येतं कुठून?

बहुतेक वेळा पन्हळीची पट्टी ज्या स्क्रूंनी बसवलेली असते, त्यांच्या भोकांतून. छतावरच्या जलरोधक आवरणाची कड भिंतीवर वळवून त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकतात. स्क्रू थेट आतल्या लाकडात जातात आणि वरून व्हायनिलची लवचिक पट्टी त्यांना झाकते. ही पट्टी उन्हाने आक्रसते. टोकाला दोन-तीन इंच स्क्रू उघडे पडले की समजा, पाण्याला वाट मिळाली.

व्हायनिल पट्टी ओढून काढा आणि एकेक स्क्रू तपासा. गंजलेला स्क्रू म्हणजे पाणी आत जाऊन आलेलं आहे. तो काढून आठ नंबरचा स्टेनलेस स्क्रू त्याच लांबीचा, भोक सैल असेल तर पाव इंच लांब, सीलंटमध्ये बुडवून बसवा. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर लाकूड कुजलं आहे. मग लांब स्क्रूचा आग्रह सोडा. पट्टी उतरवून तेवढं लाकूड बदलावंच लागेल आणि हे काम एका दुपारचं नाही.

नवी व्हायनिल पट्टी पाऊण इंची की एक इंची हे जुनी मोजून ठरवा. ती उन्हात मऊ करून, अजिबात न ताणता बसवा आणि दोन्ही टोकांना इंचभर जास्त ठेवा, कारण तीही आक्रसणार आहे. ॲल्युमिनियम पट्टीच्या फक्त वरच्या कडेला सीलंट भरा. तिथे न ओघळणारं सीलंट हवं. छतावरच्या व्हेंटभोवती वापरतात ते आपोआप पसरणारं सीलंट इथे लावलं तर वाहून पन्हळच बुजवतं. खालची कड मोकळी सोडा. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला तेवढीच जागा असते, आणि ती बंद करण्याचा मोह अनेकांना होतो.

फायबरग्लासच्या भिंतीवर कुठे फुगवटा दिसतो का, तेही पाहा. आतला पातळ प्लायवूड भिजला की बाहेरचा थर सुटतो आणि तो पुन्हा चिकटवणं खर्चिक असतं.

प्रश्न: पाणी साचू नये म्हणून ट्रेलर तिरका उभा करावा का?

राहत नसाल तर जरूर. पुढचा जॅक वाढवून पुढची बाजू चार इंच उचलली तरी २५ फुटांत एका अंशापेक्षा कमी उतार होतो, पण पाणी मागे वाहायला तो पुरतो. सगळा भार मग मागच्या दोन स्पाउटवर येतो, तेव्हा तिथे पाइनच्या सुया अडकलेल्या नाहीत ना, एवढं बघा. मुक्काम असेल तर ट्रेलर समपातळीत हवा. गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज तिरकेपणी नीट चालत नाही आणि त्याचं कूलिंग युनिट कायमचं बिघडू शकतं. १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजला ही अडचण नाही.

प्रश्न: पावसात ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) आणि स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) यांचं काय करावं?

ऑनिंगचा एक हात दुसऱ्यापेक्षा बराच खाली घ्या, म्हणजे पाणी एका कोपऱ्याने उतरेल. झोळ पडून पाणी साठलं तर वजनाने हात वाकतात. वादळी वाऱ्यात तो गुंडाळलेलाच बरा. स्लाइड-आउट आत घेण्याआधी त्याच्या छतावरचं पाणी आणि पानं वायपरने ओढून टाका, नाहीतर सगळं घरात.

प्रश्न: ट्रेलर घराशेजारी उभा असतो. स्पाउटखाली खड्डा पडला आहे. पाणी पिंपात साठवून वापरता येईल का?

हिशेब असा: २०० चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे ४७० लिटर. पुढची बाजू उचललेली असेल तर मागच्या प्रत्येक स्पाउटला साधारण २३५ लिटर. ५५ गॅलनचं पिंप २०८ लिटरचं असतं, म्हणजे एका दमदार पावसातच ते वाहू लागेल. त्यामुळे पिंपाला वरच्या बाजूने दीड-दोन इंची नळी जोडून जादा पाणी चाकांपासून आणि जॅकपासून लांब सोडा, नाहीतर खड्डा नुसता जागा बदलेल. पिंप ठेवायचं नसेल तर स्पाउटखाली फूटभर रुंद, चार इंच खोल चर खणून त्यात कापड अंथरा आणि पाऊण इंची खडी भरा. चिखल उडणं त्याने थांबतं.

हे पाणी झाडांना, चाकं धुवायला ठीक आहे. ट्रेलरच्या पाण्याच्या टाकीत ते भरू नका. छतावर पक्ष्यांची विष्ठा असते, शिवाय सुटलेली भुकटी आणि सीलंट. पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी सोडून द्या आणि डासांसाठी पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी बांधा. साठवणुकीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कोलोरॅडोत २०१६च्या कायद्याने दर घरी दोन पिंपं, मिळून ११० गॅलनपर्यंतच मुभा आहे.