केप वसाहतीच्या कागदपत्रांतला ‘ऑपगाफ’ म्हणजे नेमकं काय?

ऑपगाफ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत शेतकऱ्यांनी दरवर्षी द्यायचं मालमत्तेचं विवरण. शब्द डच, पद्धत डच ईस्ट इंडिया कंपनीची. पुढे त्यावरून बसणाऱ्या करालाही लोक ऑपगाफच म्हणू लागले. आपला सातबारा आणि खानेसुमारी एकाच कागदावर आणली, तर साधारण हेच होईल.

नोंदी वाचायला मजेदार आहेत. कुटुंबप्रमुख, बायको, मुलं. मग गुलाम, घोडे, गुरं, मेंढ्या. द्राक्षवेली किती, वाइन किती. गहू, बार्ली, राय पेरलं किती, निघालं किती. बंदुका-तलवारीसुद्धा! गुलाम माणसं गुराढोरांच्या शेजारच्या रकान्यात, हे मात्र वाचताना खटकतंच. त्यातले बरेच बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले होते.

आकडे मात्र जसेच्या तसे धरू नका. धान्यावर दशांश कर होता, त्यामुळे पीक सर्रास कमी दाखवलं जाई. माणसांची गणती त्या मानाने बरी. 1806 मध्ये ब्रिटिशांनी केप पुन्हा घेतलं, तरी ही पद्धत बरीच वर्षं चालू राहिली.