'तिने' चिठ्ठी वाचली, पण 'मी' चिठ्ठी वाचली: हा 'ने' जातो कुठे?

विचारणा अशी होती: 'ती आली', पण 'तिने चिठ्ठी वाचली'. कर्ता तोच, मग 'ने' का? आणि 'मी चिठ्ठी वाचली' यात तो का नाही?

'आली'तली 'ती' आणि वाचली गेलेली 'चिठ्ठी' या दोघींना प्रत्यय नाही, आणि क्रियापद त्यांच्याच लिंगवचनाप्रमाणे फिरते. वेगळी खूण मिळते ती सकर्मक क्रियेच्या कर्त्याला. या घडणीला एर्गेटिव्ह म्हणतात. उलट 'ती येते', 'ती चिठ्ठी वाचते' यांत दोन्हीकडे कर्ता सारखाच वागतो; ही ॲक्युझेटिव्ह घडण. मराठीत दोन्ही नांदतात. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेत मात्र काळ कुठलाही असो, सकर्मक कर्त्याला खूण लागतेच.

आपल्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि मूळही तिथेच आहे: संस्कृतातले 'तया पत्रं लिखितम्'. पण म्हणून 'तिने' म्हणजे 'तिच्याकडून' असे आज कोणी म्हणू नये. 'घरी येऊन तिने आपली चिठ्ठी वाचली' हे वाक्य घ्या. आली कोण? तीच. 'आपली' कोणाची? तिचीच. म्हणजे कर्तेपण तिच्याकडेच आहे. ऑस्ट्रेलियातली डिर्बल भाषा एर्गेटिव्हपणात याच्याही पुढे जाते. 'आईने वडिलांना पाहिले आणि परत फिरली' याच्या तोडीचे वाक्य तिथे केले, तर परत फिरतात ते वडील!

आता 'मी'. जुन्या मराठीत 'म्यां', 'त्वां' अशी वेगळी रूपे होती. बोलीत 'म्या केलं' अजून ऐकू येते. प्रमाण मराठीत ती गळाली आणि साधे 'मी', 'तू' उरले. क्रियापदाने मात्र जुनी चाल सोडलेली नाही, ते चिठ्ठीप्रमाणेच 'वाचली' होते. त्याहून गंमत 'तू चिठ्ठी वाचलीस'ची: 'ली' चिठ्ठीचा, 'स' तुझा. एकाच क्रियापदाने दोघांचे मन राखले आहे. (हे मला मराठीतले सर्वांत देखणे रूप वाटते.)

'सकर्मक भूतकाळ म्हणजे ने' हा नियम मात्र पाठ करू नका. 'ती मराठी शिकली', 'तो नाव विसरला' यांत कर्म असूनही 'ने' नाही. 'त्याने जावे' यात कर्मही नाही, भूतकाळही नाही, तरी 'ने' हजर. आणि 'त्याने मला पाहिले' यात कर्त्याला 'ने', कर्माला 'ला'; मग क्रियापद कोणाचेच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते.