वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडणाऱ्याला करारात बांधून ठेवता येते का?

प्रश्न : माझा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना असून तेथे १४ जण काम करतात. त्यांपैकी सीएनसी (संगणकाने नियंत्रित) यंत्रावर काम करणारा एक कुशल कारागीर ६ वर्षे ४ महिन्यांच्या नोकरीनंतर राजीनामा देऊन आमच्याच व्यवसायातील दुसऱ्या कारखान्यात रुजू होत आहे. कामावर घेताना मी त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले होते की, नोकरी सोडल्यावर २ वर्षे तो अशा प्रकारचे काम करणार नाही आणि केल्यास ३ लाख रुपये भरून देईल. त्याची आयटीआयची मूळ प्रमाणपत्रेही माझ्याकडे आहेत. तो माघार घेईपर्यंत त्याचा शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी रोखून धरता येईल का?

उत्तर : नाही, आणि प्रमाणपत्रे तर आजच पोच घेऊन परत करावीत. ती त्याची मालमत्ता आहे. पडताळणीपुरती पाहून छायाप्रत ठेवण्यापलीकडे मालकाचा त्यांच्यावर कोणताही हक्क नसतो.

आता कराराविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो, आणि स्टॅम्पपेपरवर लिहिल्याने अशा अटीला बळ येत नाही. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मान्य केले. परंतु कराराची मुदत संपल्यानंतरही लागू राहणारे बंधन टिकत नाही, हे २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान यांच्या करारासंबंधीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. मूळ अटच रद्दबातल असल्यामुळे तिच्या भंगाबद्दलचे ३ लाख रुपयेही आपल्याला वसूल करता येणार नाहीत.

‘अमुक काळ नोकरी करीन, अन्यथा ठरावीक रक्कम देईन’ हा करार मात्र वेगळा असतो. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ३ वर्षांची किमान सेवा आणि ती न केल्यास २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. आपल्या कारागिराने ६ वर्षे दिली असल्याने तो मुद्दा येथे उरत नाही. पण पुढे कोणाच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केलात, तर त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण करार अधिनियमाच्याच कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि करारातील आकडा ही तिची केवळ कमाल मर्यादा असते.

पगार व ग्रॅच्युइटी रोखल्यास उलट आपणच अडचणीत याल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे वेतन कामाच्या २ दिवसांत चुकते करावे लागते. ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत द्यावयाची असते. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याचे शेवटचे मासिक वेतन २६,००० रुपये आहे. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे १५,००० रुपये होतात. वरचे ४ महिने सहा महिन्यांहून कमी असल्याने धरले जात नाहीत, म्हणून ६ वर्षांचे ९०,००० रुपये देय ठरतात. मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून बाकी सारे भत्त्यांत टाकण्याची पद्धत आता उपयोगाची नाही, कारण वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

आपली खरी काळजी गिऱ्हाइके आणि कामाची गुपिते जाण्याची असावी, आणि ती अगदी रास्त आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, यंत्राचे प्रोग्रॅम, दरपत्रके ही आपली मालमत्ता असून ती नेण्यास किंवा वापरण्यास आपण हरकत घेऊ शकता. हातातले कसब मात्र त्याचेच आहे. अनेक छोट्या कारखान्यांत ही ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर कारागिराच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये येतात आणि तेथेच राहतात. ती जाण्यापूर्वी काढून टाकल्याचे त्याच्याकडून लेखी घ्यावे, आणि उरलेल्या १३ जणांच्या नियुक्तिपत्रांत गोपनीयतेची व नोटिशीच्या मुदतीची अट स्पष्ट शब्दांत घालावी. मनापासून सांगावेसे वाटते की, या कारागिराचा हिशेब आपण कसा पूर्ण करता, हे ते सर्वजण पाहत आहेत.

प्रश्न : मी ८ कर्मचारी असलेल्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. नियुक्तिपत्रानुसार एक महिन्याची नोटीस दिली, तरी मालक ‘राजीनामा मंजूर नाही’ असे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेला सेवाकरार न्यायालयामार्फतही सक्तीने पाळायला लावता येत नाही, विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ मध्येच तशी तरतूद आहे. त्यामुळे नोटिशीची मुदत पूर्ण करून आपण जाऊ शकता. राजीनामा ईमेलनेही पाठवावा, आणि हिशेबाच्या वह्या, धनादेश पुस्तके, पासवर्ड सोपवल्याची यादी करून तिच्यावर मालकांची सही घ्यावी. त्यांनी सही नाकारल्यास तीच यादी त्यांना ईमेल करावी. आपली नोकरी ५ वर्षांहून अधिक असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी मागील १२ महिन्यांत एखाद्या दिवशी तरी तेथे १० कर्मचारी होते का, किंवा त्याआधीच त्या आस्थापनेला ग्रॅच्युइटीच्या तरतुदी लागू झाल्या होत्या का, हेही पाहावे. एकदा लागू झालेल्या या तरतुदी कर्मचारी संख्या घटली तरी कायम राहतात.