जौनपूरचा पूल नेमका कोणाचा?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही नागपूरहून गाडी काढून काशीला गेलो होतो, तिथून मेहुण्याकडे जौनपूरला. गोमतीवरचा तो जुना दगडी पूल पाहिला, संरक्षित आहे म्हणतात अन् वरून ऑटो, बाईक सगळं सुसाट. मेहुणा बोलून राहिला होता की शर्की सुलतानांनी बांधला, ऑटोवाला म्हणे अकबरानं. खरं कोण? अन् तिथं हत्तीवर बसलेला दगडी सिंह आहे, ते काय? – एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, ऑटोवाला जिंकला, पण अर्धाच. शर्कींचं राज्य १३९४ ते १४७९, मग बहलोल लोदीनं ते संपवलं. अटाला मशीद (१४०८) त्यांचीच, त्यामुळे जौनपुरात जुनं काही दिसलं की लोक शर्कींच्या खात्यात टाकून मोकळे होतात. पूल पुरा झाला १५६८-६९ च्या सुमारास, काळ अकबराचा खरा पण करवून घेतला मुनीम खानानं, म्हणजे अकबराचा खानखाना (सरदारांचा सरदार), जौनपूरचा कारभार तेव्हा त्याच्याकडे होता. नाव बादशहाचं होतं, घाम दुसऱ्याचा, हे काय आपल्याला नवीन नाही!

पुलावर गाडी नेली तेव्हा चढ लागला का? नाही ना. जुने कमानीचे पूल बहुतेक मधे उंटासारखे फुगलेले असतात, हा मात्र दोन्ही काठच्या रस्त्याशी सपाट आहे, आणि खांबांवरच्या त्या छत्र्यांत आता दुकानं थाटलीयत. मला विचाराल तर ते वाईट नाही, पूल वापरात आहे म्हणून लोकांच्या डोळ्यासमोर आहे, फक्त जड गाड्यांचं वजन नको. बाकी तुम्ही पाहिलेला सगळाच दगड अकबराच्या काळचा नाही हं, १५ जानेवारी १९३४ च्या नेपाळ-बिहार भूकंपानंतर सात कमानी परत बांधाव्या लागल्या. संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं आहे, १९७८ पासून.

सिंहासाठी खरं तर इतक्या दूर जायची गरज नव्हती. हत्तीला दाबून बसलेला सिंह कोणार्कच्या देवळात आहे, आणि आपल्याकडे चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाज्यांवर गोंड राजांचं चिन्ह म्हणून तोच कोरलाय. हा मुघलांचा शोध नाही, आपल्याकडची फार जुनी कल्पना आहे. पुढच्या रविवारी चंद्रपूरच्या जटपुरा गेटला चक्कर मारा अन् जौनपूरच्या फोटोशी ताडून बघा. मेहुण्याला पण पाठवा एक.