आधी त्यांच्या दारात जा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री पुन्हा काढून वाचलं. वाडीतल्या त्या खोलीत बालवाडी सुरू केलीस, अठरा मुलं यायला लागली, फार बरं वाटलं. पालकसभेला मात्र चारच आया आल्या आणि त्यातल्या दोघी पाच मिनिटांत उठून गेल्या. खाली तू लिहिलंस, "इथल्या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही." रागात लिहिलंस हे समजतं, तरी आधी त्याच वाक्याबद्दल बोलते. ते मनातून काढून टाक. असं काही मनात धरून कुणाच्या दारात उभं राहिलं की ते चेहऱ्यावर दिसतं, आणि समोरच्या बाईला लगेच कळतं.

मी हे चूक करून शिकले. माझी नोकरी नवीन होती, तेव्हाची गोष्ट. सभा सकाळी दहाला ठेवायचे. एक आई कधीच यायची नाही. एकदा मुलाला सोडायला आली, तेव्हा मी चारचौघींसमोर तिला म्हटलं, "मुलासाठी महिन्यातून एक तास काढता येत नाही का?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगा यायचा बंद झाला. आठवडाभर वाट पाहून मी घरी गेले. सकाळी ती चार घरची धुणीभांडी करायची आणि दुपारी पापड लाटायला बसायची. मी गेले तेव्हा पोळपाटाशेजारी तिचा मुलगा मांडी घालून बसला होता. आई पिठाचा रोल दोऱ्याने कापत होती आणि तो एकेक लाटी उचलून ताटात मांडत होता, पाच-पाचाच्या ओळीने. एका ओळीत चारच पडल्या, तर त्याने स्वतःच पाहिलं आणि पुढच्या ओळीतली एक मागे सरकवली. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'मोजता येत नाही'.

मी त्या बाईची माफी मागितली. तिने लाटणं खाली न ठेवता पायाने पाट माझ्याकडे सरकवला. मुलगा सोमवारी परत आला.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला असताना तिथल्याच चेतन बालवाडीत जमिनीवर बसून आम्ही तासन् तास मुलांची निरीक्षणं लिहीत असू. ते शिक्षण मला जन्मभर पुरलं. पण मूल घरी काय करतं हे घरीच जाऊन पाहावं लागतं, हे त्या पापडांच्या घरात पटलं.

आपल्या गुजरातच्या आंगणवाडीत मदतनीस बाईला काय म्हणतात, माहीत आहे ना? तेडागर. 'तेडवा जवुं' म्हणजे बोलवायला जाणं, आणायला जाणं. किती नेमका शब्द आहे! ताराबाई मोडकांचं कामच तिथून सुरू होतं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या, बालशिक्षण त्यांच्याबरोबर काम करत शिकल्या, पुढे 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम. एक मराठी बाई गुजरातेत शिकली आणि तिचं काम आज गल्लीगल्लीत उभं आहे. बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अभिमान वाटायला हवा.

म्हणून म्हणते, आता महिनाभर सभा बोलवू नकोस. रोज संध्याकाळी दोन घरं कर. हातात वही नको, पेन नको. चहा दिला तर घे. "घरी अभ्यास घेता का?" हे तर अजिबात विचारू नकोस. त्या प्रश्नाने माणूस आरोपी होतो. "घरी दिवसभर काय काय करतो हा?" असं विचार. मग बघ, जी आई सभेत तोंड उघडत नव्हती ती अर्धा तास बोलेल. मटार सोलतो, आजीबरोबर वाती वळतो, बाबांची चप्पल कुठे आहे ते सांगतो, विठ्ठल मंदिरात टाळ वाजवायला मागतो. हे सगळं शिकणंच आहे, असं तिला तिथल्या तिथे सांग. कणीक मळणारे, वाती वळणारे हात पुढे पेन्सिल नीट धरतात. मुलाने काही विचारलं आणि मोठ्याने कामातून मान वर करून उत्तर दिलं, की मूल पुढचा प्रश्न विचारतं. भाषा अशीच वाढते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत.

सभा ठेवशील तेव्हा रविवारी ठेव. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पाळीवर जाणारा बाप सकाळी दहाला कसा येणार? बापांना भाषण ऐकायला बोलावू नकोस, काम द्यायला बोलाव. उत्तरायणाच्या आठवड्यात माझ्याकडे एक बाबा पतंग घेऊन यायचे. काडीने कागदाला भोकं पाडून किन्ना बांधायचे आणि वरचा दोरा व खालचा दोरा सारखा आहे का, ते मुलांना ताणून बघायला लावायचे. एरवी खिडकीशी उभी राहणारी त्यांची मुलगी त्या दिवशी सगळ्यांना रांगेत बसवत होती.

भाषेचा प्रश्न तुला येईलच, म्हणून सांगून ठेवते. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि शाळा इंग्रजी हवी. आया विचारतील, घरी मराठी बंद करू का? ठाम नाही म्हण. ज्या भाषेत अंगाई म्हणता, रागावता, देवाला सांगता, त्याच भाषेत मुलाशी भरपूर बोला. एक भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या आधाराने येते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सुरुवातीची वर्षं शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे.

दुसरा धोशा लिहिण्याचा असेल. गुजरातमध्ये 2023 पासून सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, त्यामुळे पुष्कळ पालकांना वाटतं की मुलाचं वर्ष वाया गेलं. मग ते चार वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत क, ख गिरवायला लाव म्हणून तुझ्यामागे लागतील. तू वाकू नकोस. पण नुसतं नाही म्हणून दार लावूही नकोस. त्यांची काळजी खरी आहे. त्यांना खोलीत बसव, मुलं चिंचोके वेगळे करताना, मातीचे साप वळताना, गोष्ट पुढे सांगताना दाखव, आणि यातून लिहिणं कसं येतं ते तिथेच समजावून दे.

एक गोष्ट माझ्याकडून घेऊन जा. 1910 नंतर सयाजीराव महाराजांनी बडोदा राज्यात वाचनालयं काढली, त्यात खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. ते आठवून मी एक पत्र्याची पेटी केली होती. आत बारा चित्रांची पुस्तकं, थोडे सागरगोटे आणि एक कोरी वही. पेटी आठवडाभर एका घरी राहायची. वाचता येत नसेल तर चित्रं बघून गोष्ट सांगायची, आणि आजीने सांगितलेली गोष्ट वहीत कुणीतरी उतरवायची. दादा, ताई, शेजारी, कुणीही. वही तिसऱ्या घरापर्यंत भरत आली होती. एका आजोबांनी तर सूरसागर तलावाच्या पाण्याची गोष्ट सात पानं सांगितली होती, नातीने जशीच्या तशी लिहून घेतलेली.

पेटी माळ्यावर आहे. कडी गंजली आहे, तेल घालून ठेवते. रविवारी सकाळी ये, दोघी मिळून पुस्तकं पुसू. येताना एक नवी वही आण, जाड पुठ्ठ्याची. पहिल्यांदा पेटी कुणाच्या घरी ठेवायची, ते घर मात्र तू ठरवून ये. सभेतून उठून गेलेल्या त्या दोघींपैकी एकीचं असलं तर मला आवडेल.

तुझी,
ताई