आधी खोडदला येऊन बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसायचंय म्हणतोस. ती पाळी आता कुणावरच फारशी येत नाही. आमच्या जीएमआरटीत, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत, तर रात्रीचीही सक्ती नाही, रेडिओ लहरी दिवसाढवळ्या पकडता येतात. तरी कमी वारंवारतेचं काम असलं की मी रात्रच मागते. दिवसा सूर्य फार त्रास देतो.

खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, म्हणजे डिश अँटेना, आहेत. १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. निरीक्षण सुरू करताना ३सी४८ किंवा ३सी२८६ अशा आकाशातल्या ठरलेल्या तेजस्वी रेडिओ स्रोताकडे सगळ्यांची तोंडं वळवायची आणि पडद्यावर एकेकीची फेजची, म्हणजे येणाऱ्या लहरीच्या टप्प्याची, रेघ बघायची. ती स्थिर हवी. एखादी उड्या मारायला लागली तर शेजारी बसलेल्या ऑपरेटरला विचार. कोणत्या तबकडीची काय खोड आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. माझ्या मते पीएचडीचं अर्धं शिक्षण त्या नियंत्रण कक्षात होतं. हल्ली बरीच मुलं घरबसल्या डेटा उतरवतात आणि पाइपलाइनमधून, म्हणजे तयार प्रोग्रॅममधून, काढतात. पेपर होतो, नाही असं नाही. पण अचानक चमकलेला सिग्नल आकाशातला की विजेच्या तारेवरच्या ठिणगीचा, असं विचारलं की गप्प.

दुर्बिणीचा वेळ वर्षातून दोनदा प्रस्ताव लिहून मागावा लागतो. नाकारला तर परीक्षकांचे शेरे नीट वाचायचे आणि पुन्हा टाकायचा. रुसून चालत नाही.

नोकरीचं मात्र घरी आधीच स्पष्ट सांग. एमएस्सीनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं, मग दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, त्याही बहुधा परदेशात. कायमच्या जागा मोजक्याच. इलेक्ट्रॉनिक्स आवडत असेल तर त्याला दुय्यम समजू नकोस. जीएमआरटी उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची हलकी तबकडी बनवली, म्हणून एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, तेव्हा ये. नारायणगावपर्यंत एसटी आहे. आवारात शिरण्याआधी मोबाइल बंद कर, नाहीतर तो आमच्याच डेटात दिसतो. दुपारनंतर भेट, ऑपरेटरशी गाठ घालून देते.