वडिलांना लघवीची नळी टाकून घरी सोडलंय, काळजी कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की प्रोस्टेटमुळे (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वडिलांची लघवी अडकली, नळी टाकून त्यांना चोपड्याजवळच्या गावी घरी पाठवलं. आता पिशवी रोज बदलायची का आणि पाणी कमी पाजलं तर चालेल का, असं तुम्ही विचारताय. मी जळगावात नर्स आहे. आधी पाण्याचं सांगते, कारण घरोघरी नेमकं तिथेच बिघडतं.

पाणी अजिबात तोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, अंगातलं पाणी घामावाटेच निघून जातं. मग लघवी घट्ट होते, तिचा गाळ नळीत साचतो आणि नळी तुंबते. दिवसाला दीड-दोन लिटर लघवी पडेल इतकं पाणी, ताक, लिंबूपाणी पोटात जायला हवं. लघवीचा रंग फिका पिवळा दिसला की समजायचं पाणी पुरतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच द्या.

पुष्कळदा म्हातारी माणसं आपणहूनच पाणी कमी पितात. सुनेने पिशवी रिकामी करायची, याची त्यांना लाज वाटते. बोलून दाखवत नाहीत, नुसता तांब्या बाजूला सारतात. म्हणून हे काम मुलाने किंवा नातवाने अंगावर घ्यावं. मग वडील बिनघोर पाणी पितील.

पिशवी रोज बदलू नका. नळी आणि पिशवी जिथे जोडलेली असते तो सांधा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना आत जायला वाट मिळते. पिशवी साधारण आठवड्याने, किंवा गळायला लागली तर बदलायची. एरवी खालचा नळ उघडून रिकामी करायची, तीही दोन तृतीयांश भरली की लगेच, नाहीतर तिच्या वजनाने नळी ओढली जाते. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. भांडं वेगळं ठेवा, नळाचं तोंड भांड्याला टेकू देऊ नका.

पिशवी कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. आपल्या बाजा बुटक्या असतात, त्यामुळे पिशवी सर्रास फरशीवर लोळते. बाजेच्या कडेला आखूड बांधा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना किंवा रिक्षात बसताना लोक पिशवी खांद्यावर, मांडीवर घेतात, तेवढ्यात साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. निघण्याआधी ती रिकामी करा. नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटपट्टीने लावून द्या.

रोज अंघोळीच्या वेळी साधा साबण आणि पाणी पुरे. डेटॉल, पावडर, हळद-तेल काही नको. पुढची कातडी मागे घेऊन धुवा आणि आठवणीने परत पुढे आणा, नाहीतर तिथे सूज येऊन ती अडकते.

नळीच्या बाजूने लघवी झिरपली तर आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा. पोट साफ होतंय का, तेही विचारा. बद्धकोष्ठतेनेही असं होतं. केळी, पपई, पालेभाजी चालू ठेवा.

लघवीच्या तपासणीत जंतू किंवा पस सेल्स (पूच्या पेशी) दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिक सुरू करू नका. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, अचानक बरळणं, असं काही असेल तर मात्र थांबू नका. लघवी पूर्ण बंद होऊन पोट टम्म झालं किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तरी रात्र असली म्हणून थांबायचं नाही, १०८ ला फोन करा. नळी ओढू नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, ओढली तर मूत्रमार्ग फाटतो.

आणि डॉक्टरांना प्रत्येक भेटीत विचारा, नळी कधी काढायची? आमच्याकडे म्हातारे रोज म्हणतात, "हाई नळी काढी टाका व माय." त्यांचं म्हणणं रास्त आहे, गरज संपल्यावर ती एक दिवसही राहू नये. प्रोस्टेटच्या गोळ्या काही दिवस दिल्यावर बऱ्याचदा नळी काढून बघतात. त्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा आणि लघवी नीट होते आहे हे दिसेपर्यंत दवाखान्यातच थांबा. नाही झाली तर नळी पुन्हा टाकावी लागते, आणि गावी परतल्यावर तसं झालं तर रात्री पळापळ होते.